जे अंगावर दिसत नव्हतं

लग्न होऊन मी उंब्रजला आले ती सख्ख्या आत्याच्याच घरी. आत्या सासू झाली, आतेभाऊ नवरा. आमच्याकडं यात वावगं काही नव्हतं. पोरगी घरातल्या घरात राहिली म्हणून आष्ट्याला आई-आबा निर्धास्त होते. नवरा फौजेत. सुट्टी मिळेल तेव्हा यायचा.

नव्वदनंतर लगेचच मला मुलगी झाली. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं टेप लावून दारावरून जायचे. शेजारणीचं तान्हं दचकून रडायला लागायचं. माझी मात्र पाळण्यात टक्क डोळे उघडून पडलेली. सासू म्हणायची, "लय शांत हाय गं पोर." एकदा मी पोरीच्या मागं उभं राहून ताटावर पळी आपटली. तिनं मान वळवली नाही.

नवरा सुट्टीवर आल्यावर आम्ही तिला सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?"

"व्हय, मामाचीच पोरगी हाय," नवरा म्हणाला.

"मग बहुतेक या बहिरेपणाचं मूळ तुम्हा दोघांच्याही अंगात आहे. एकाकडूनच आलं तर मूल ऐकतं. दोन्हीकडून आलं की असं होतं."

"पण आमाला तर सगळं ऐकू येतंय."

"ज्याच्या अंगात असतं त्याला स्वतःला काही होत नाही."

मला धाकटी बहीण आठवली. माझ्या दिराशी तिचं लग्न ठरत आलं होतं, आणि तिलाही तो आवडत होता. मी विचारलं, "त्या दोघांच्या अंगात हाय का, ते कसं कळंल?"

"आज तरी आमच्याकडं तशी तपासणी नाही," डॉक्टर म्हणाले. "नसेलही. पण जोखीम आहे."

आष्ट्याला सुपारीची बोलणी करायला सगळे बसले तेव्हा मी सांगितलं, हे लग्न करू नका. आबा ताडकन उठले. "आमच्या रक्तात खोट काढतीस व्हय?" सासू म्हणाली, "तुझ्या पोटी आलं ते तुझं नशीब. तिच्या पदरात कशाला घालतीस?" पण दीर घाबरला. चार दिवसांनी त्यानंच नको म्हणून निरोप धाडला.

लग्न मोडल्याची बातमी गावभर झाली, आणि का मोडलं तेही. बहिणीला बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि उठता उठता कुणीतरी विचारायचंच, "थोरलीची पोरगी मुकी हाय म्हणं?" परक्या घरात दिली तर तिच्या मुलांना फारशी भीती नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं होतं. मी तसं सांगू लागले की पाहुणे माना डोलवायचे. पुन्हा निरोप यायचा नाही. शेवटी पाटणच्या पलीकडं एका बिजवराला तिला दिली. तिला दोन मुलं झाली, दोन्ही नीट ऐकतात. दिरानं बाहेरची मुलगी केली, त्याचीही ऐकतात. त्या दोघांच्या अंगात ते होतं की नव्हतं, कुणालाच कळलं नाही.

अलीकडं एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ज्यांच्या अंगात हे असतं पण ज्यांना ऐकू येतं, अशा काहींची कातडी किंचित जाड असते म्हणे. सुई न टोचता, हातावर यंत्र ठेवून ती मोजता येते का, यावर अभ्यास चाललाय. मी घरी येऊन बराच वेळ आपलाच दंड चिमटीत धरून बसले. बोटांना काय कळणार?

आबा गेले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. तेराव्याला बहीण आली. माझ्या मुलीला जवळ घेऊन तिनं तिची वेणी घातली, खुणा करून तिच्याशी हसली. माझ्याशी बोलली नाही. भांडी घासताना आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच बोलले गं तवा."

"ठाऊक हाय अक्का."

"मग?"

"झालं असतं ते माझं झालं असतं. तू एकदा मला तरी इचारायचं हुतंस."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती मुलांना घेऊन पाटणकडं निघून गेली.