बरी असलेली गाडी

चष्मेवाल्यांचा कुणाच्या शब्दावर विश्वास नसे, आणि त्यांच्या धंद्यात तो गुणच होता. दुकानाच्या मागच्या भागात त्यांचं छोटं टेबल होतं, त्यावर दिवा, गरम हवेचं यंत्र आणि बारीक पकडी. तयार झालेला चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसवून देणं हे त्यांचं काम. दोन्ही कान एका पातळीत असलेला माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. ते काडी गरम करून वाकवत, चष्मा चढवत आणि विचारत, "कसं वाटतंय?" गिऱ्हाईक म्हणे, "छान." या 'छान'ला चष्मेवाले काडीचीही किंमत देत नसत. लोक भिडेखातर वाट्टेल ते बोलतात. ते गिऱ्हाइकाला जरा वेळ बसवून ठेवत, मग चष्मा काढून कानामागे बघत. तिथे लाल वळ दिसला की काडी पुन्हा गरम करायची.

असा हा संशयी माणूस घरी मात्र सात-आठ वर्षं एका 'बरी आहे'वर डोळे मिटून बसला होता.

'बरी आहे' म्हणणारी त्यांची बायको. क्लबातले सगळे तिला वहिनी म्हणतात, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पडदे शिवत. कापड कितीही निसरडं असो, मशीन ते कितीही एका बाजूला ओढो, वहिनींच्या हाताखालून शिवण सरळ बाहेर पडायची. आणि 'बरी आहे' कशाबद्दल, तर गाडीबद्दल. ही गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, दोन वीत लांबीची, शर्यतीची मोटार. एका बंद पडलेल्या बाजाराच्या वरच्या मजल्यावर जाजम पसरून, लाकडी पट्ट्यांची वळणं आखून क्लबाच्या शर्यती होत. गाडी चालवायच्या वहिनी. गाडी 'लावायचे' चष्मेवाले.

गाडी लावणं म्हणजे तिच्या चारही चाकांवरचा भार सारखा करणं. प्रत्येक चाकाला एक स्प्रिंग असते आणि तिच्यावर फिरवायची एक कडी. ती कडी नखाएवढी फिरवली तरी गाडीचा स्वभाव बदलतो, असं चष्मेवाले ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. या कामासाठी त्यांनी जुन्या कपाटाचा एक दरवाजा जपून ठेवला होता. दर शनिवारी ती फळी टेबलावर यायची, गाडी तिच्यावर बसायची आणि घरातल्या माणसांनी फुंकरही मारायची नाही. सुरीच्या पात्याच्या टोकानं ते गाडीचं नाक मधोमध हळूच उचलत. पुढची दोन्ही चाकं एकदम फळीवरून सुटली की भार सारखा. एखादं आधी सुटलं की पुन्हा कड्या फिरवा. रविवारी वहिनी गाडीची फेरी संपवून चालवणाऱ्यांच्या चौथऱ्यावरून खाली उतरल्या की ते विचारत, "कशी आहे?"

"बरी आहे."

वहिनी दुसऱ्या-तिसऱ्या येत. घरी छोटे कप जमत गेले. चष्मेवाले मित्रांना सांगत, "चालवते ती छानच, पण खरं काम गाडी करते हो." वहिनी टाके उसवत बसलेल्या असल्या तर मान वर न करता हसत.

त्या वर्षी मात्र मोठा कप हाताशी आला. शेवटच्या शर्यतीत पहिल्या पाचांत आलं की वर्षभराचा मान त्यांचा. वहिनींनी कपासाठी फडताळावरचा घड्याळाचा कोपरा रिकामा करून ठेवला. आणि एका गिऱ्हाइकाकडे पडद्याचा दांडा लावताना त्या स्टुलावरून पडल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर.

क्लबाच्या सेक्रेटरींनी नियम काढून पाहिला. नोंद दोघांच्या नावावर होती, त्यामुळे नवऱ्यानं चालवली तर चालणार होतं. चष्मेवाले अगदी गंभीर चेहऱ्यानं "बघू" म्हणाले, पण मनात उकळ्या फुटत होत्या. एवढी सुरेख लावलेली गाडी! नुसता रिमोट धरायचा.

सरावाच्या दिवशी ते उंच चौथऱ्यावर उभे राहिले आणि पहिल्याच उजव्या वळणावर गाडी सरळ जाऊन फळकुटावर आदळली. डावीकडे ती झटकन वळे. उजवीकडे वळायचं म्हटलं की तिच्या जिवावर येई. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तर पुढचा बंपरच निखळला. दाढीवाला, म्हणजे दरवेळी वहिनींच्या मागेपुढे असणारा प्रतिस्पर्धी, सहानुभूतीनं म्हणाला, "होतं असं, काका. वहिनींचा हातच वेगळा." सहानुभूती दाढीवाल्याची, म्हणून जास्तच झोंबली.

वहिनी प्लास्टर सांभाळत बाजूला उभ्या होत्या. "जरा आधी वळवा," त्या म्हणाल्या.

"आधीच वळवतोय."

"अजून आधी. नाहीतर असं करा, सरळ जातानाही थोडं उजवीकडे धरूनच ठेवा."

"धरूनच ठेवा म्हणजे?"

वहिनींनी जीभ चावली. "काही नाही. सवय होईल हळूहळू."

घरी परतल्यावर चष्मेवाले रिमोट मांडीवर घेऊन बसले. चालवणं आपल्या नशिबी नाही, असं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. रिमोटच्या बाजूला गाडी वळवायचं लहानसं चाक असतं, त्यावर स्पंजाची गादी. हात नुसताच तिच्यावरून फिरत होता आणि एका जागी अडला. स्पंज तिथे पार दबून, झिजून गेला होता. उजवीकडे वळवताना बोट टेकतं नेमक्या त्याच जागी. बाकीची गादी नव्यासारखी.

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर असे वळ पाहिले होते. फक्त कानामागे.

"अगं, इकडे ये." वहिनी आल्या. चष्मेवाल्यांनी ती जागा दाखवली. "ही गाडी डावीकडे ओढते."

वहिनींनी हळूच मान डोलावली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू मला बरी आहे, बरी आहे..."

"सांगितलं होतं की पहिल्या वर्षी! आठवत नाही? डावीकडे ओढते म्हटलं, तर तुम्ही आठवडाभर त्या फळीवर डोकं घालून बसलात. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही. पुढच्या रविवारी विचारलंत, गाडी तशीच ओढत होती आणि तुमचं तोंड एवढंसं झालं." वहिनींनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात घेतला. "ते बघण्यापेक्षा बोट जरा उजवीकडे धरून ठेवणं सोपं होतं. मशीनवर दिवसभर तेच तर करते."

चष्मेवाल्यांना राग आला, लाज वाटली आणि या बाईबद्दल इतकी माया दाटून आली की यातलं आधी काय बोलावं ते कळेना. म्हणून ते उठून फळी घेऊन आले. काहीच सुचत नसलं की माणूस सवयीचं काम करतो.

या वेळी त्यांनी दुकानातून आणलेली जाड काच फळीवर ठेवली. काच डुगडुगली. एका कोपऱ्याखाली चष्म्याचं फडकं घडी करून सारलं, तर ते आरामात आत गेलं. गिऱ्हाइकांचे वाकडे कान हेरणारा माणूस वर्षानुवर्षं पिळवटलेल्या फळीवर गाडी लावत आला होता. वाकड्या फळीवर बेतून बसवलेली गाडी सपाट जाजमावर वाकडी पडणारच. त्यांनी गाडी काचेवर ठेवली आणि पात्यानं नाक उचललं. उजवं चाक चटकन हवेत गेलं. डावं हूं की चूं न करता बसून राहिलं.

"बघ," ते म्हणाले.

वहिनी वाकून बघत होत्या. एकदम त्यांना हसू फुटलं, मग चष्मेवाल्यांनाही, आणि गाडी राहिली बाजूला.

शेवटच्या शर्यतीला गाडी काचेवर नव्यानं लावून आणली होती. चष्मेवाले सर्वांत मागून सुटले. पण आता ते म्हणतील तिथे गाडी वळत होती. पुढचे वीर एकमेकांच्या अंगावर जात होते, दाढीवाला एका घाईच्या वळणावर उलटला, आणि चष्मेवाले रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या सज्जन माणसासारखे पुढे सरकत राहिले. मागे उभ्या वहिनींचा प्लास्टरचा हात मात्र प्रत्येक उजव्या वळणाला आपोआप हवेत उजवीकडे कलत होता. चष्मेवाले चौथे आले. घड्याळाच्या कोपऱ्यात कप बसला.

नव्या वर्षाच्या पहिल्या शर्यतीला प्लास्टर निघालेलं होतं. वहिनी चौथऱ्यावर चढल्या, तेव्हा सगळा क्लब बघायला गोळा झाला. पहिलंच उजवं वळण आलं आणि गाडी नको इतकी उजवीकडे वळून आतल्या फळकुटावर धाडकन आदळली. चष्मेवाल्यांनी धावत जाऊन ती सरळ केली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. वहिनी शेवटून पहिल्या आल्या.

त्या खाली उतरल्या तेव्हा चष्मेवाल्यांचं तोंड जुन्या सवयीनं उतरलेलं होतं. "बिघडवली ना मी गाडी?"

"गाडीला काही झालेलं नाही हो. ती सरळ झालीय. हाताला कुणी सांगितलेलंच नाही अजून."

"पूर्वीसारखी करून देऊ? ती फळी माळ्यावर आहे."

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "पण एक सांगू? जेवण सोडून बसणार नसाल तर."

"सांग."

"लांबच्या वळणावर तिची मागची बाजू सुटते. हातामुळे नाही, गाडीमुळेच. अजिबात बरी नाहीये."

बायकोनं तोंडावर गाडीला नावं ठेवली आणि नवऱ्याचा चेहरा असा खुलला, असं क्लबात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं खुर्ची ओढली, फडक्यानं पुसली आणि स्क्रूड्रायव्हर शोधत, आवाज सांभाळत विचारलं, "म्हणजे नक्की कुठे सुटते?"

"सांगते," वहिनी बसता बसता म्हणाल्या. "पहिल्यापासून सगळं सांगते."