उगवलं!
साखर कारखान्याच्या मळीचा उग्र वास आला, की मला बारामतीची लॅब आठवते. चेतापेशी वाढवणाऱ्या, जिवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या प्रथिनाचा शेवटचा थेंब मी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशींवर टाकला होता; त्यांना तंतू फुटायला हवे होते. हाही प्रयोग फसला तर विषय बदल, असं मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालून, सदऱ्याला तोच वास घेऊन, माझा डबा द्यायला आले. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा मला धीर होईना, म्हणून तेच वाकले. “पोरी, मुळ्या फुटल्यात की गं! उगवलं तुझं!” ते एवढ्यानं ओरडले, की बाई धावत आल्या आणि बघून हसतच सुटल्या. आता माझ्या लॅबमध्ये पेशींना तंतू फुटले, की विद्यार्थी आधी ‘उगवलं!’ म्हणून ओरडतात, मग मोजमाप घेतात.