आंबागडचे पोहे

कोणाच्या घरी पोह्याची प्लेट समोर आली की मी अगोदर चमचा खुपसून पाहतो, उभा राहते का. हसू नका. ऐकाल त तुम्हीही पाहाल.

ऐंशी सालाच्या आसपास भंडाऱ्यात मुलींच्या शाळेत मी नवानवा मास्तर होतो. आमच्या हेडमास्तरीण, मोठ्या बाई, रोज प्रार्थनेनंतर सांगत, "पोरींनो, समजलं नाही त विचारा. आपलं काम आपल्या हातानं करा. अन् मनात नसलं त नाही म्हणा." ऐकून ऐकून मले असं वाटायले लागलं, की ही शाळा मीच काढली!

त्यातच आईनं अन् मामानं मले आंबागडले नेलं, मुलगी पाहायले. नाव सुमन. समोर येऊन बसली अन् मले आवडलीच. आता आवडली त माणसानं गप बसावं की नाही?

मामानं विचारलं, "पोरीले स्वयंपाक येते का?"

म्हटलं, छाप पाडायची हीच वेळ. "मामा, हे काही बरोबर नाही. आमच्या शाळेत आम्ही शिकवतो, पोरीनं बी विचारलं पाहिजे." अन् सुमनकडे वळून म्हणालो, "विचारा तुम्ही. बिनधास्त."

आई कपाळाले हात लावून बसली. सुमननं मान वर केली.

"तुम्हाले येते का स्वयंपाक?"

नाही म्हणता आलं असतं ना बापा! पण जीभ घसरली. "येते ना. त्यात काय आहे?"

"मंग पोहे अजून व्हायचेच आहेत," ती म्हणाली. "या आतमध्ये."

आता काय करता? लहानपणापासून आईले भात करताना पाहिलेलं. आंधण ठेवायचं, उकळी आली की तांदूळ टाकायचे. पोहेही तांदळाचेच ना? गंजात पाणी उकळवलं, त्यात सूपभर पोहे ओतले, वर झाकण. सुमन भिंतीले टेकून पाहत होती. मले वाटलं, खूश झाली.

"झाले हे कसं समजते?" तिनं विचारलं.

"शीत दाबून पाहायचं," मी म्हणालो. मास्तर ना शेवटी.

झाकण काढलं त दाबायले शीतच नाही. नुसती खळ, भिंतीवर कागद चिकटवा अशी. मी त्यात हळद टाकली, मीठ टाकलं. सुमननं तेच प्लेटीत वाढून बाहेर नेलं.

मामानं चमचा खुपसला, तो उभाच राहिला. मामा तडक उठला. त्याले वाटलं, आत मी नुसता पाहत होतो. "पोरीचा हात असा असन त आपल्याले पोरगी पसंत नाही."

"मी नाही केले, मामाजी," सुमन म्हणाली. "मास्तरांनी केले."

मी सुमनले म्हणालो, "मले पसंत आहे. तुमच्या मनात काय आहे?"

"नाही," ती म्हणाली. आवाज एकदम गोड. "पोहे येत नाही म्हणून नाही. येत नाही, हे सांगता नाही आलं म्हणून."

परतीच्या बसमध्ये आई मामाच्या बाजूले जाऊन बसली. मलेही लय वाईट वाटलं, खोटं कायले बोलू.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी बोलावलं. "आंबागडले गेले होते म्हणे. सुमन माझीच विद्यार्थिनी, तुमच्या अगोदरची. काल येऊन सगळं सांगून गेली."

मी खाली मान घातली. म्हटलं, आता नोकरीही जाते.

बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज सांगून राहिली, पोरींच्या डोक्यात काही जाते की नाही, शंकाच होती. गेलं, मास्तर! अभिनंदन करा माझं."

केलं अभिनंदन. मंग हळूच विचारलं, "बाई, पोहे करतात कसे?"

"आता कसं विचारलं!" बाई म्हणाल्या. "जा, सहावीत स्वयंपाकाचा तास सुरू आहे. मागच्या बाकावर जागा आहे."