हर्रासवाल्या काकांची धडधड

"मास्तर, मी चाललो!"

नवखा माणूस हे ऐकून विचारायचा, "कुठं?" आमच्या मोर्शीच्या गल्लीत मात्र कुणी विचारत नसे. काका ओट्यावर बसून मनगटावर दोन बोटं ठेवायचे, नजर आभाळाकडे लावायचे आणि स्वतःची नाडी बघायचे. तसे ते दिसले की समजायचं, काका वर चाललेत. थोड्या वेळानं ते तिथूनच परत यायचे आणि आत हाक मारायचे, "अवो, चाय ठेवजा बरं!"

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. धडधाकट, हसरा, आणि रोज मरणारा.

काका माझ्या शेजारचे. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मी मास्तर. काका वरूडच्या बाजूला संत्र्यांचा हर्रास बोलायचे. आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, भोवती व्यापाऱ्यांचा गराडा, पलीकडे ट्रॅक्टर सुरू, आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वरून काकांचा आवाज. माइक त्यांनी कधी हातात धरला नाही. "माइकची बॅटरी संपते, मास्तर. आपली नाई संपत."

ती एका हंगामात संपली. ऐन बोलीत काकांच्या छातीत धडधड सुरू झाली, अंगाला घाम फुटला, हाताला मुंग्या आल्या. शब्द घशात अडकला. लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून अमरावतीला नेलं. तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं.

पण शरीरानं एकदा धसका घेतला तो घेतलाच. पुढच्या वेळी बाजाराच्या फाटकातच तसं झालं. मग बसमध्ये. मग भाच्याच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधीच. काकांनी आधी बाजार सोडला, मग प्रवास, मग लग्नं. पाहता पाहता एवढ्या मोठ्या आवाजाचं जग त्या ओट्याएवढं झालं. खिशात लवंग, शेजारी पाण्याची बाटली, आणि हाकेच्या अंतरावर मी.

काकूंनी मीठमिरच्यांनी नजर उतरवून पाहिली. "नजर नाई लागली," त्या शेवटी वैतागून म्हणाल्या, "या माणसाले नजर लावाची कोणाची हिंमत हाये!"

हृदयाचे डॉक्टर भले होते. तिसऱ्यांदाही तपासणीचा कागद निर्दोष पाहून त्यांनी सांगितलं, "काका, या झटक्यानं तुम्ही मरणार नाही. ही भीती आहे, आणि भीतीवरही उपचार असतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा."

काका घरी येऊन गरजले, "आमी का मेंटल हावो?" तो प्रश्न गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. काकू आतूनच म्हणाल्या, "दात दुखला तं दाताच्या डाक्टरकडे जाता ना? मंग!" विषय तिथं मिटला.

माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. ते काही सोपं नव्हतं.

पहिले गृहस्थ अमरावतीचे. तासभर तेच बोलले. सकारात्मक राहा, पहाटे उठा, माझ्या शिबिराला या. काका बाहेर आले ते चक्क ताजेतवाने. "मास्तर, मी हर्रास बोलणारा माणूस. माह्याहून जास्त बोलणारा मले कसा चालंन?"

दुसरी होती एक पुण्याची मुलगी, मोबाईलवर बोलणारी. ती मात्र खरंच चांगली होती. शांतपणे ऐकायची. अडचण काकांच्या आवाजाची होती. ते ओट्यावर बसून तिला मनातलं सांगायचे आणि अख्खी गल्ली काम थांबवून ऐकायची. ती म्हणाली, "इथं बोललेलं आपल्या दोघांतच राहील हं." त्यावर समोरच्या घरातून आवाज आला, "हो हो बाई, आमी कोणालेच नाई सांगत!" शिवाय काका म्हणाले, "जीव कसा खालवर होऊन राह्यला," की ती विचारायची, "म्हणजे नेमकं काय?" काकांना त्याहून नेमकं काही येत नव्हतं. शेवटी तिनंच सुचवलं, "तुमची बोली जाणणारं, समोर बसून बोलणारं कुणीतरी जवळपास शोधा. त्यात कुणाचाच कमीपणा नाही."

मग मी थोडा शहाणा झालो. फोन करून आधीच विचारू लागलो. तुमचं शिक्षण कशात झालंय? अशा अचानक येणाऱ्या भीतीचे रुग्ण तुम्ही पाहता का? कोणत्या पद्धतीनं काम करता? बरं वाटतंय की नाही, हे कसं ठरवता? काहींना राग आला. अकोल्याच्या एक बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, "हे सगळ्यांनी विचारावं. या तुम्ही."

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, बांगड्यांच्या दुकानावर त्यांची खोली होती. बाई पन्नाशीच्या, मूळच्या मूर्तिजापूरकडच्या. मी काकांना एका मित्राच्या गाडीतून नेलं. बडनेऱ्यापर्यंतच ते दोनदा 'चालले' होते. पहिल्या भेटीत बाईंनी मलाही आत बसू दिलं, काकांची परवानगी विचारून.

बाईंनी बालपण वगैरे काढलं नाही. विचारलं, "बरं झाल्यावर काय कराचं हाये?"

काका गोंधळले. इतके दिवस सगळे विचारत होते, काय होतंय. मग हळूच म्हणाले, "हर्रास."

"मंग तिथपर्यंत जाऊ," बाई म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते मला वर्गात शिकवता यावं इतकं साधं होतं. छातीत जरा धडधडलं की काकांच्या मनात विचार येतो, 'मी मेलो.' विचारानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पाहून विचार म्हणतो, 'पाहा, मी सांगितलं नव्हतं?' मग काका तिथून पळतात. पळाल्यावर बरं वाटतं. मनाची समजूत होते की पळालो म्हणून वाचलो. आपण या विचाराला उगाच हाकलायचं नाही. तो खरा का खोटा, हे तपासून पाहायचं. बोलून थोडं, करून जास्त.

"काका, आत्ता इथं छाती धडधडली तर काय होईल?"

"मरीन."

"खात्री?"

"शंभर टक्के."

"चला मग, पाहू." बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला. हृदयाच्या डॉक्टरांचे कागद त्यांनी आधीच नीट पाहिले होते. "जागच्या जागी धावाचं. मास्तर, तुम्हीही या."

आणि आम्ही तिघं त्या खोलीत धावू लागलो. काका सुरुवातीला देवळात पाय ठेवावा तसे पाय टाकत होते. बाई म्हणाल्या, "जोरानं!" मग काकांनी असा काही ठेका धरला की खालून बांगडीवाला ओरडला, "अरे भाई, छत गिराओगे क्या?" काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी छातीवर हात दाबला. मी थांबलो, पण बाईंनी मला खुणेनंच गप्प केलं.

"काय होऊन राह्यलं, काका?"

"धडधड... तशीच... तीच हाये ही!"

"पळू नका. पाणी नको, लवंग नको. नुसतं पाहा, ती कुठं जाते."

काका उभे राहिले. घामाघूम, डोळे विस्फारलेले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी छातीवरचा हात काढून तळव्याकडे पाहिलं, जणू तिथं काहीतरी लिहिलेलं असावं.

"मेले का?" बाईंनी विचारलं.

"अजून तं नाई," काका म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं. ते असं गडगडाटी हसले की बांगडीवाला पुन्हा ओरडला. कितीतरी महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होतो.

त्यानंतर आठवड्याला एक फेरी आणि मधल्या दिवसांचा गृहपाठ. जिना भराभर चढायचा. दुकानाच्या गर्दीत उभं राहायचं. बसमध्ये बसून पुढच्या थांब्याला उतरायचं. एक एक आधार सोडायचा. लवंग गेली. बाटली गेली. एके दिवशी मात्र काकूंना काका गच्चीवर दोरीच्या उड्या मारताना दिसले. त्या धावत माझ्याकडे आल्या. "मास्तर, आता खरंच येडा झाला वो हा माणूस!" मी समजावल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग मीही मारतो." त्या संध्याकाळी गल्लीतली पोरं दोघांच्या उड्या पाहायला जमली होती.

सगळं असं सरळ झालं नाही. काका एकदा एकटेच वरूडला बाजारात गेले आणि फाटकातून माघारी आले. दोन दिवस ओट्यावरही आले नाहीत. मला वाटलं, संपलं. अकोल्याला गेल्यावर बाईंनी विचारलं, "माघारी निघाले तेव्हा भीती चढत होती का उतरत होती?"

"चढत होती."

"मंग एवढंच राहिलं. पुढच्या वेळी उतरेपर्यंत थांबाचं. संत्र्याच्या झाडाची चार फळं गळली तं तुम्ही बाग तोडता का?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा मास्तर, याले म्हणते डाक्टर. समजते इथली गोष्ट."

त्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "मास्तर, आता तुम्ही."

"मी काय?"

"लवंग गेली, बाटली गेली. आता तुमची पाळी."

मला नाही म्हटलं तरी लागलं. इतके दिवस मी आपला मदत करतोय म्हणून खुशीत होतो, आणि या बाईंनी मला लवंगेच्या शेजारी नेऊन बसवलं. पण त्यांचं खरं होतं. गर्दीत काका आधी माझा चेहरा शोधत आणि मग श्वास घेत. पुढच्या खेपेला मी खाली बांगड्यांच्या दुकानात बसलो. त्याच्या पुढच्या खेपेला मूर्तिजापूरलाच उतरून राहिलो. आणि मग एका सकाळी मोर्शीच्या स्टँडवर काका अकोल्याला जायला एकटेच बसमध्ये चढले. खिडकीतून म्हणाले, "आता जा ना शाळेत! पोरं वाट पाहून राह्यले." बस वळली. मी शाळेच्या वाटेला लागलो.

दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहराची संत्री निघाली, तेव्हा काका बाजारात जाऊ लागले होते. मला त्यांनी येऊ नका म्हणून बजावलं होतं. मी पाळलं. पण शाळेला सुट्टी आली आणि मला राहवेना. मोटरसायकल काढली आणि वरूड गाठलं.

काकांचा आवाज रस्त्यावरच ऐकू आला.

आत केशरी ढिगांच्या मध्ये ते उभे होते, हात हवेत, मान ताठ, आणि व्यापाऱ्यांचं कोंडाळं त्यांच्याभोवती चिकटून. बोली चढत होती. एकाला चिडवत, दुसऱ्याला चुचकारत ते ती वर नेत होते. घाम फुटला होता, छाती जोरात हलत होती, आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. मी रेटारेटी करत पुढे गेलो, अगदी त्यांच्यासमोर उभा राहिलो. वाटलं, आता पाहतील, हसतील.

त्यांची नजर माझ्यावरून गेली, पुढच्या बोलीवर टेकली. मग ते माझ्या दिशेनं हात झटकून गरजले,

"ओ पांढरा शर्ट! बोली लावाची असंन तं लावा, नाई तं मांगं सरा! माल दिसू द्या लोकायले!"

मी मागं सरलो.