माझ्या कुलपासाठी थांबलेला प्लांट

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून मी तारापूरच्या एका कंपनीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा नवापूरच्या आमच्या घरात आनंद करायला मी एकटीच होते. आई तोंड फुगवून बसली होती. तिचा धाकटा भाऊ कधीकाळी ठेकेदारामार्फत अशाच कुठल्याशा कंपनीत जायचा. तिथं शॉक लागून तो गेला, आणि बातमी आमच्याकडे आली ती दुसऱ्या दिवशी, त्याच्या खोलीवरच्या सोबत्याकडून. कंपनीत कुणाला पत्ताच नव्हता. "तिथं माणूस हाय की नाय, कोण बगतंय?" हे वाक्य आई मला रोज डब्याबरोबर बांधून द्यायची. तिनं अटच घातली होती, की कामावर काही वेडंवाकडं घडल्याचं कानावर आलं तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं.

मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय होती कुठे?

कामावर मला शिकवायला वाणगावचे एक जुने इलेक्ट्रिशियन होते. युनियनच्या कमिटीतले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. अ‍ॅप्रेंटिसांना वेळेवर स्टायपेंड आणि कायम कामगारांसारखं प्रत्येकाला स्वतःचं कुलूप, या दोन गोष्टी युनियननं भांडून करारात घालून घेतल्या होत्या. स्टायपेंडचं मला पटलं. कुलपाचं मात्र हसू आलं. मी काय तिजोरी राखायला आले होते? मग उस्तादांनी दाखवलं. मशीनला हात लावण्याआधी तिचा मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, आपल्या फोटोचं कार्ड अडकवायचं आणि चावी खिशात टाकायची. काम झालं की ज्याचं त्यानंच काढायचं. एक जरी कुलूप लटकत असलं, तरी स्विच वर जात नाही, मशीन सुरू होत नाही. "मालक आला तरी नाय," ते म्हणाले.

थंडीचे दिवस होते. एका पंपाची मोटर मी पहिल्यांदाच एकटीनं जोडली. उस्तादांनी तपासली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांची शाबासकी अशीच असायची. मी जी हवेत गेले, ती पाळी सुटताच हात धुऊन थेट नवापूरची रिक्षा पकडली. घरी आल्यावर पिशवी आत टाकली, मोबाईलही तिच्यातच राहिला, आणि आईबरोबर दोरीवरचे वाळलेले बोंबील काढायला लागले.

थोड्याच वेळात अंगणात मोटरसायकल थांबली. उस्ताद होते. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि फोन कानाला लावला. "दिसली. घरी हाय. धडधाकट हाय." मग तिथंच मटकन खाली बसले.

माझा हात खिशात गेला. चावी! माझ्याच खिशात.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"ताई, हिचं कुलूप मेन पंपाच्या स्विचवर हाय आणि चावी हिच्याकडं. फोन उचलत नाय. गेटवर बाहेर गेल्याची नोंद हाय, पण नोंदीवर आमी भरवसा ठेवत नाय. मशीनच्या मागं, टाकीच्या आत, सगळीकडं हाका मारून आलो."

"मंग कुलूप तोडायचं ना."

"माणूस डोळ्यांनी दिसल्याबिगर नाय तोडत."

"तवर?"

"तवर प्लांट बंद."

"हिच्यासाठी?"

"हिच्यासाठीच."

आई हातातले बोंबील तसेच धरून उभी राहिली. मी मनातल्या मनात कंपनीला रामराम ठोकला. आता तिकडून साहेब काढणार, नाहीतर इकडून आई.

"चल," उस्ताद मला म्हणाले, "सापडलीस, तर तुझं कुलूप तूच काढ. साहेब ओरडायला तयारच बसलेत. तेवढं ऐकून घे, आणि उद्या वेळेवर ये. मी पण ओरडणार हाय, पण आता नाय. आता जरा दम खाऊ दे."

उद्या वेळेवर ये! एवढं ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. पण आईचं अजून बाकी होतं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. उस्तादांचं पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. रिकामा तांब्या हातात घेतला, पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बस गाडीवर, बाय. लोक खोळंबलेत." मी बसले तशी पुन्हा जवळ आली. "आणि आइक. शिकून झालं तरी हीच कंपनी धर. दुसरीकडं जायचं नाय."

मी मान डोलावली. गावाबाहेर पडेपर्यंत उस्तादांनी दम खाल्ला. मग ओरडायला लागले ते तारापूर येईपर्यंत थांबले नाहीत, आणि मागे बसून मी आपली हसत होते.