पुण्याहून जाणारं गोळ्यांचं पार्सल

माझ्या गावाहून, धनजहून निघालो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. कारंज्याच्या स्टँडवर दादानं माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि माय खिडकीखाली उभी राहिली. रडणं तिनं घरीच उरकलं होतं. "तिकडं जाऊन लोकासारखा राह्य," ती म्हणाली, "आमची काळजी कायले करतं?" मी मान हलवली. बोलायची सवय मला तेव्हाही नव्हती.

पुण्यात मी एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर लागलो. फार्मासिस्ट नाही, चिठ्ठी पाहून डबे उतरवणारा माणूस. धनजमध्ये मात्र मी 'डॉक्टरकीच्या लाइनीत' गेल्याची बातमी पसरली आणि ती मी कधी खोडली नाही. पुढे लग्न झालं, वन बीएचके झाला, मुलं इंग्रजी शाळेत गेली. गावी जाणं वर्षातून एकदा, तेही दोन दिवस. त्या न जाण्याची भरपाई मी पार्सलनं करायचो.

मायच्या छातीत जळजळ होते असं दादानं एकदा फोनवर सांगितलं. मी डॉक्टरला विचारलं नाही, तिलाही काही विचारलं नाही. पित्त कमी करणाऱ्या कॅप्सूलच्या तीन स्ट्रिप ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिल्या आणि दादानं कारंज्याला उतरवून घेतल्या. आठ दिवसांत मायला बरं वाटलं. मग दर महिन्याला पार्सल जाऊ लागलं. असं आठ वर्षं चाललं. आपल्यातल्या पुण्या-मुंबईला गेलेल्यांपैकी किती जणांनी असंच पाठवलं असेल, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

घरी त्या औषधाचं नाव 'पुण्याची गोळी' पडलं होतं. माय ती जेवणानंतर घ्यायची, कधी कॅप्सूल उघडून आतले दाणे चहात टाकायची. झणझणीत रश्शाची पंगत उठली की पाहुण्यांनाही एकेक द्यायची. "माह्या बापूनं धाडली," म्हणायची. बापू म्हणजे मी. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल करतो. काउंटरमागं उभं राहून मी रोज फार्मासिस्टकडून ऐकत होतो की ही गोळी जेवणाआधी अर्धा तास, अख्खी गिळायची असते आणि डॉक्टरनं सांगितलेल्या मुदतीपुरतीच घ्यायची असते. पण ते गिऱ्हाइकांसाठी होतं. माझी माय काही गिऱ्हाईक नव्हती.

मग माय वाळू लागली. अन्न नको म्हणायची, पायाला मुंग्या यायच्या, दोनदा अंगणात पडली. दादाची बायको, कांतावहिनी, तिला सांभाळायची. गल्लीत बोललं जाऊ लागलं की सून बुढीला पोटभर जेवू घालत नाही. ते माझ्यापर्यंतही आलं. आणि मी, जो दोन दिवसांवर कधी राहिलो नाही, त्यानंही मनात वहिनीवरच संशय घेतला.

वहिनी सातवी शिकलेली. तिनं कोणाशी भांडण केलं नाही. मायला कारंज्याला डॉक्टरकडे नेलं आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत भरून सोबत नेल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर मांडून घेतल्या. त्यात गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी निघाली. माय ती रोज उपाशीपोटी घेत होती, जळजळ त्या गोळीनंच लावली होती. आणि ती जळजळ दाबायला माझी गोळी, वर्षानुवर्षं. रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह फार उतरलेलं. हे औषध न विचारता इतकी वर्षं घेतलं की असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले, त्यात माय माळकरी, अंडं-मटण वर्ज्य. दुखण्याची गोळी बंद झाली, इंजेक्शनं सुरू झाली. पित्ताची गोळी मात्र एकदम तोडली नाही, नाहीतर जळजळ उसळून येते. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करून सोडवली.

दादानं हे सगळं फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि ठेवला. पुढचे पाच महिने गप्प राहिलो.

पुतणीच्या साखरपुड्याला गेलो तेव्हा घर भरलेलं होतं. माय काठी न घेता फिरत होती. तरी मावशीनं सगळ्यांदेखत वहिनीला टोमणा मारलाच, "आता खाऊ घालून राह्यली तं पाह्य, बुढी कशी टुणटुणीत झाली."

वहिनी वाढत होती, वाढतच राहिली.

"मावशी, तिचा काही दोष नाही," मी म्हणालो. "त्या गोळ्या मी पाठवत होतो. कोणाला न विचारता. मायला मी आजारी पाडलं, वहिनीनं वाचवलं."

पंगत थांबली. मावशीनं हातातला घास पानात ठेवला. मग हळूच म्हणाली, "बापू, मंग मी बी तं तेच घेऊन राह्यली ना. तुही माय उरलेल्या देते मले."

सगळे हसले. वहिनी हसली नाही. "मावशी, सोमवारी माह्यासंग दवाखान्यात चाला," म्हणाली. आणि माझ्या पानात पोळी टाकताना, "भाऊजी, एवढं बोलाले पाच महिने लागले तुमाले?"

सोमवारी ती मावशीला खरंच घेऊन गेली. आता गल्लीतलं कोणीही नवी गोळी आणली की आधी वहिनीला दाखवतं, आणि ती एकच विचारते, "डॉक्टरनं किती दिवस सांगितली?" माझ्या काउंटरवर मोठमोठे शिकलेले लोक येतात, त्यांच्यातला क्वचित कोणी हे विचारतो. मी त्यांना वहिनीचं उदाहरण देतो. आमची वहिनी, असं म्हणताना छाती फुगते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "भाऊजी, तुमी सोता कोणाले ईचारून घेता हो?" तिला कसं कळलं, देव जाणे. मी दोन वर्षं तीच पित्ताची गोळी काउंटरमधूनच काढून घेत होतो. खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नंबर लावला.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपण काहीतरी पाठवायचं ते ठिकाण. आता वाटतं, जिथून आपल्याला विचारणा होते आणि खरं सांगावंच लागतं, ते घर. डॉक्टरांनी दोन आठवडे घ्यायला सांगितली, मग पुन्हा दाखवायला. चिठ्ठीचा फोटो वहिनीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "तारीख लिहून ठेवली."