पंगतीत बसवलेली पेनिना

रविवारची प्रार्थना संपत आली की पेनिना मान खाली घालून बसायची. आता पाद्री तिला उभं करणार! "हीच ती आपली चमत्काराची लेक!" असं ते म्हणायचे आणि मांगेरे वस्तीतलं अख्खं सामोअन चर्च माना वळवून तिच्याकडे बघायचं. निम्मे लोक देवाचे आभार मानायच्या आधी तिचं तोंड न्याहाळायचे. औषधाच्या गोळ्यांनी गाल फुगले होते, ओठांवर लव आली होती. पंधरा वर्षांच्या मुलीला असं दर आठवड्याला दाखवायला काढायचं, ही कुठली भक्ती? पण तिला विचारतंय कोण!

वर्षापूर्वी पेनिनाची किडनी बदलली होती; नवी किडनी तिला फुआतिनो आत्याने दिली होती. आत्या विमानतळावर साफसफाई करायची. जखम भरली तशी ती पुन्हा कामाला लागली आणि त्या विषयावर परत बोललीच नाही. डॉक्टरांनीही पेनिनाला सांगितलं होतं, गोळ्या चुकवू नकोस, कच्ची मासळी खाऊ नकोस, रग्बी नको, बाकी सगळं कर. आईने त्यातलं 'नको' तेवढं ऐकलं आणि पदरची बरीच भर घातली.

चर्चपेक्षाही तिला छळायचं ते चर्चनंतरचं जेवण. मोठी माणसं चटयांवर बसली की पोरांनी ताटं न्यायची, वारा घालायचा, शेवटी हात धुवायला पाणी फिरवायचं आणि मग स्वयंपाकघरात उरलेल्यावर तुटून पडायचं. खरी धमाल तिथेच असायची. पेनिना मात्र वर्षभर म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसून त्यांच्या गुडघेदुखीच्या कहाण्या ऐकत होती.

त्या रविवारी चुलतबहीण लोसाने तिच्यापुढे उकडलेल्या तारोच्या कंदांचं ताट ठेवलं.

"घ्या राणीसरकार. भरवू का?"

"गप बस, लोसा."

"तू बसलीयेस. आम्ही मरतोय!"

पेनिना ताट तसंच ठेवून उठली. तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचं भांडं उचललं. आई धावत आली.

"ठेव ते! टाका तुटला म्हणजे?"

"टाके कधीच निघाले, आई!"

"आत्याने तुला काय दिलंय, विसरलीस?"

पेनिनाचा ताबा सुटला. "विसरू देता का कुणी? चर्चमध्ये उभी करता, घरी बसवून ठेवता! बरी व्हायला दिली ना किडनी? मग झालेय मी बरी! तुम्हाला मी आजारीच हवी असेन, तर तसं सांगा!"

बाहेर चटयांवरच्या माना वळल्या. आईचे डोळे भरून आले. पेनिनाला वाईट वाटलं, पण भांडं काही तिने सोडलं नाही.

एवढ्यात चटईवरून फुआतिनो आत्याचा आवाज आला. "पाणी कोण आणतंय? हात चिकट झालेत माझे!"

पेनिना मोठ्यांपुढून रीतीप्रमाणे कमरेत वाकून गेली आणि आत्यासमोर गुडघे टेकून तिने भांडं धरलं. सगळी पंगत बघत होती. आत्याने बोटं बुडवली आणि झटकन काढली.

"शी! बर्फ आहे का हे? नारळाच्या रसाचा ओशटपणा गार पाण्याने निघतो होय? आणि टॉवेल कुठाय? एवढी घोडी झालीस, कोणी वळण लावलं की नाही?"

पेनिनाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आई घाईघाईने पुढे आली. "मी आणते, ताई, तिला नका—"

"तू बैस," आत्या म्हणाली. "पोरगी आणेल. पाय आहेत तिला."

पेनिना भांडं घेऊन वळली. "सारखी आपली किरकिर! हिचं कितीही करा, कमीच," ती दात-ओठ खात पुटपुटली. लोसा दर रविवारी आत्याला नेमक्या ह्याच शिव्या घालायची. ती दारातच उभी होती. तिने खांद्यावरचा टॉवेल काढून पेनिनाच्या अंगावर फेकला.

"पळ लवकर. आणि भांडी आज तुझी."